भांगाच्या भरतीची वर्षं

टोपलीत आठ बांगडे आहेत आणि तीन तारल्या. टोपली पडवीत ठेवलीय, शेजारी विळी, आणि हातभर अंतरावर मांजर डोळे मिटून बसलंय. सहा वर्षांच्या पोराला विचारावं, "ह्यात बांगडे जास्त की मासे जास्त?" पोर वाकून बघतं, बोट लावून मोजतं आणि ठामपणे सांगतं, "बांगडे." तारली मासाच ना? हो. बांगडा मासाच ना? हो. मग मासे जास्त की बांगडे? "बांगडेच. तारल्या तीनच तर आहेत."

चुकलं म्हणून सोडून द्यावं असं हे उत्तर नाही. पोराच्या डोक्यात काय चाललंय ते त्यात लख्ख दिसतं. मासे म्हणजे अख्खा ढीग आणि बांगडे म्हणजे त्यातलाच एक भाग, हे दोन्ही एकाच वेळी मनात धरावं लागतं. सहाव्या वर्षी मनातल्या मनात बांगडे वेगळे काढले की ढीग मोडतो आणि मागे उरतात फक्त तारल्या. मग पोर त्या उरलेल्यांशीच तुलना करतं. आठ आणि तीन यांत आठ जास्त, हे त्याचं गणित बिनचूक आहे. प्रश्न मात्र त्यानं दुसराच सोडवला. पुढे सात-आठच्या आसपास कधीतरी, कुणी मुद्दाम न शिकवता, तेच पोर त्याच प्रश्नाला हसतं. "बांगडे पण मासेच ना!" आपण पूर्वी वेगळं सांगितलं होतं हे त्याला पटतही नाही.

या दोन उत्तरांच्या मधे जे घडलं ते घरात कुणाच्या नजरेला पडलेलं नसतं. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीचे दोन प्रकार माहीत असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण येतं, पाणी बंधाऱ्यावर आपटतं, लोक बघायला जातात. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाणी थोडंच चढतं, थोडंच उतरतं, बघायला कुणी जात नाही. पण समुद्र तेव्हाही आपल्या वेळा पाळत असतोच. मुलाची पहिली पाच वर्षं उधाणाची: पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळ्याचे फोटो निघतात. बारा-तेरानंतर पुन्हा उधाण. मधली सहा ते बारा ही वर्षं भांगाची. "आता मोठा झालाय, शाळेत जातो" एवढ्यावर घर निर्धास्त होतं, आणि चौकशी उरते ती फक्त मार्कांची. विचार करण्याची, बोलण्याची आणि माणसं ओळखण्याची मूळ बांधणी मात्र याच वर्षांत होते. ती बघायची असेल तर पोराच्या चुकांकडे बघावं, दुसरी इतकी चांगली खिडकी नाही.

झाँ पियाजे (१८९६–१९८०) या स्विस अभ्यासकानं सुमारे सात ते अकरा-बारा या वयाला मूर्त विचारांची अवस्था म्हटलं. समोर वस्तू असेल, हाताळता येत असेल, तर मूल तिच्याबद्दल नीट तर्क करू लागतं. त्याचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात करता येतो. दोन सारखे स्टीलचे पेले घ्या. दोन्हींत कोकम सरबत सारखं भरा आणि "दोन्हीत सारखंच आहे ना?" हे पोराकडून कबूल करून घ्या. त्याला वाटत असेल की एकात कमी आहे, तर त्याच्याच हातानं चमचा-चमचा घालू द्या. मग एका पेल्यातलं सरबत पसरट वाडग्यात ओता, शक्यतो त्यालाच ओतू द्या. आता विचारा, "पेल्यात आणि वाडग्यात सारखं आहे, की एकात जास्त आहे?" पाच-सहा वर्षांचं बहुतेक पोर पेला दाखवतं, कारण तिथं पाणी उंच दिसतं. उंचीकडे लक्ष गेलं की रुंदी सुटते.

उत्तरापेक्षा त्याच्या मागचं "कशावरून?" जास्त मोलाचं. बरोबर उत्तर देणारी मुलं तीन तऱ्हेची कारणं देतात. कुणी म्हणतं, "तेच सरबत आहे, कुठं काय घातलंय किंवा काढलंय?" कुणी म्हणतं, "परत पेल्यात ओतलं तर तेवढंच होईल." आणि कुणी म्हणतं, "हे बुटकं आहे पण पसरट आहे ना." तिसरं कारण देणाऱ्या पोरानं दोन मापं एकाच वेळी तोलली. दुसरं देणाऱ्यानं घडून गेलेली गोष्ट मनातल्या मनात उलटी फिरवली. हीच उलटी फिरवण्याची ताकद पुढे वजाबाकीचा ताळा बेरजेनं करताना उपयोगी पडते. ती येण्याआधी घोटून घेतलेला ताळा म्हणजे नुसती हातचलाखी.

हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा मोठ्यांमुळे. पहिली चूक म्हणजे तोच प्रश्न दोनदा विचारणं. शाळेत बाईंनी प्रश्न परत विचारला की पहिलं उत्तर चुकलं, हे पोर पहिलीतच शिकलेलं असतं. सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ साली हेच तपासलं: वस्तूंची मांडणी बदलल्यावर प्रश्न एकदाच विचारला तर सहा वर्षांची मुलं कमी चुकतात. दुसरी चूक "नीट बघ हं" म्हणणं. ते ऐकलं की पोर वस्तू सोडून आपला चेहरा वाचू लागतं. तिसरी चूक लगेच समजावून सांगणं. समजावलेलं पोर उद्या बरोबर उत्तर देईल, पण चिकणमातीचा गोळा थापून भाकरीसारखा केला की "आता माती जास्त झाली" असंच म्हणेल.

ही समज एका रात्रीत सगळीकडे पसरत नाही, हेही धीरानं घ्यावं लागतं. मोजलेल्या वस्तूंची संख्या मांडणीमुळे बदलत नाही हे साधारण सहा-सातला कळतं. मातीचा गोळा चपटा केला तरी माती तेवढीच, हे सात-आठला. वजन तेवढंच राहतं हे नऊ-दहाला, आणि पाण्यात बुडवल्यावर तो तेवढंच पाणी वर चढवेल हे अकरा-बाराला. एकाच पोराचं एकाच गोळ्याबद्दल एका ठिकाणी बरोबर आणि दोन ठिकाणी चूक असू शकतं. अनुभवानं हे वेळापत्रक हलतं. १९६९ साली मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात ती मातीबद्दलचा हा प्रश्न इतर मुलांच्या आधी सोडवताना दिसली. त्यांचे हात रोज त्याच मातीत होते.

कोकणातल्या पोरांचे हात कशात असतात? चैत्र-वैशाखात काजूच्या बियांत. बिया ओळीनं मांडायच्या, लांब रेघ मारायची आणि मोठी जड बी नेम धरून फेकायची. जेवढ्या उडतील तेवढ्या आपल्या. ह्या खेळात गणित आहे, पण त्याहून जास्त आहे ती वाटाघाट. मोठी बी दोन बारीक बियांच्या बदल्यात चालेल का? वाऱ्यानं हललेली बी धरायची का? पियाजेनं १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांबद्दल खोदून खोदून विचारलं होतं. लहान मुलांना नियम वरून आलेला वाटतो, तो बदलणं पाप. नऊ-दहाच्या पुढची मुलं म्हणतात, सगळ्यांनी मान्य केलं तर बदलू. हा बदल भांडणातून होतो. अर्धा तास खेळ आणि एक तास वाद, हे पाहून आपण ओट्यावरून ओरडतो, "भांडू नका, नाहीतर बिया काढून घेईन." घेऊ नयेत. मारामारीवर येईपर्यंत तो वाद त्यांचा आहे, आणि समोरच्याची बाजू ऐकल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही हा धडा दुसरीकडे इतक्या स्वस्तात मिळत नाही.

मराठी मुलांनी या वयासाठी एक फार शहाणी सोय स्वतःच करून ठेवलीय, ती म्हणजे कच्चा लिंबू. चार-पाच वर्षांचं धाकटं भावंड मागे लागलं की त्याला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो आऊटही होत नाही. तो पळतो, ओरडतो, लपतो, सगळा खेळ आतून बघतो. लेव विगॉट्स्की (१८९६–१९३४) या रशियन अभ्यासकाचं म्हणणं असं होतं की मुलाला एकट्याला जे जमतं आणि जाणत्याच्या आधारानं जे जमतं, त्या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. कच्चा लिंबू त्याच पट्ट्यात उभा असतो. सहा-सातच्या आसपास एक दिवस तो पाय आपटतो, "मी कच्चा लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य द्या." तो दिवस लक्षात ठेवण्यासारखा. हरण्याची जोखीम आपण होऊन मागण्याइतकं ते मूल मोठं झालेलं असतं. चौथीपर्यंतचे चारही वर्ग एकाच खोलीत भरतात अशा वाडीतल्या छोट्या शाळांबद्दल सगळे हळहळतात. अडचणी आहेतच. पण तिसरीतली मुलगी पहिलीतल्या पोराला हातचा कसा घ्यायचा ते आपल्या शब्दांत सांगते तेव्हा दोघंही शिकतात, आणि ती जास्त शिकते.

आकड्यांच्या बाबतीत मराठी मुलांवर जरा जास्तच भार पडतो. पंचवीस ऐकताना आधी पाच कानावर येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन लिहायचा. म्हणून दुसरीतलं पोर ५२ लिहितं. एकोणतीस ऐकून ३९ लिहितं, कारण तीस स्पष्ट ऐकू आलेलं असतं आणि शेवटी नऊ येतो एवढं आठवत असतं. एकच तीन घ्या: तेवीस, तेहेतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर. दर दहा घरांनी तो रूप पालटतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद पेटला. मला दोन्ही लागतात असं वाटतं. जुनी नावं भाषेचा ठेवा आहेत, बाजारात तीच चालतात. पण संख्येची रचना कळावी म्हणून काही महिने दोन्ही शेजारी शेजारी चालली तर पोराचं नुकसान नाही. बिया पुन्हा घ्या. दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधा. "पंचवीस" म्हणा, पोरानं आधी दोन पुरचुंड्या मांडाव्यात, मग पाच सुट्या, आणि त्याच क्रमानं आकडे लिहावेत. पुरचुंडी हातात आली की ५२ लिहिणं बहुधा आपोआप थांबतं. वही लाल करून ते थांबत नाही.

आठवणीचंही तसंच. सातव्या वर्षी मूल ऐकलेले साधारण पाच आकडे त्याच क्रमानं परत सांगू शकतं, बाराव्या वर्षी सहा-सात. म्हणजे सहा वर्षांच्या पोराला दुकानातून सहा जिन्नस आणायला सांगितले आणि तीनच आले, तर त्यात वेंधळेपणा काही नाही. जॉन फ्लॅवेल आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली मुलांना काही चित्रं क्रमानं लक्षात ठेवायला सांगून त्यांचे ओठ हलतात का ते पाहिलं. पाच वर्षांच्या फारच थोड्या मुलांचे हलले, सात वर्षांच्या निम्म्याहून अधिकांचे आणि दहा वर्षांच्या बहुतेकांचे. घोकायचं असतं ही गोष्टच आधी शोधावी लागते. दुकानाच्या वाटेवर "मीठ, काडेपेटी, गूळ, मीठ, काडेपेटी, गूळ" असं पुटपुटत जाणारं पोर वेडगळ दिसतं, पण त्याला एक नवं हत्यार सापडलेलं असतं. पुढची पायरी, म्हणजे जिन्नसांचे गट पाडणं, नऊ-दहाला येते. ती सांगून लवकर आणता येते: "दोन तिखटामिठाच्या वस्तू, दोन देवाच्या, एक आजीची."

भाषेकडे वळलं की मन रमतं, कारण या वयात मुलं भाषेशी खेळू लागतात. च ची भाषा ऐकली असेलच. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि सुरुवातीला च लावायचा. "तू उद्या येशील का" याचं "चतू चद्याउ चशीलये चका" होतं. आठ-नऊ वर्षांच्या मुली ही भाषा भराभर बोलतात आणि मोठ्यांना काही कळत नाही याचा त्यांना केवढा आनंद. आता बारकाईनं बघा. होडीचं "चडीहो" होतं. हो अख्खा उचलला जातो, ह आणि ओ कुणी वेगळे करत नाही. प्रकाशचं "चकाशप्र" होतं. प्र हे जोडाक्षर, पण तेही अख्खंच जातं. मुलाच्या कानात मराठी शब्दाचा तुकडा म्हणजे अक्षर, सुटा ध्वनी नव्हे.

जोडाक्षरं अवघड का जातात ते इथं कळतं. वाचताना आणि लिहिताना हाच न फुटणारा तुकडा फोडायचा असतो. बाराखडी म्हणजे व्यंजनांगणिक बारा रूपं, एकूण चारशेच्या वर, त्यावर जोडाक्षरं. पहिलीत हे सगळं आटपेल ही अपेक्षाच चूक आहे. तिसरी-चौथीपर्यंत ही बसवणूक चालू राहते. त्यात पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. र तर चार सोंगं घेतो: क्रम, कर्म, ट्रक आणि दऱ्या. किनाऱ्यावरच्या पोराला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात र आधीच्या अक्षराला टेकतो, द वर जोर येतो. दुसऱ्यात येत नाही. दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणून घ्यावेत, टाळी देऊन तोडावेत, दर्‌-या आणि द-ऱ्या, आणि मगच रफार व ऱ्य लिहायला द्यावेत. उलट क्रमानं, म्हणजे आधी चिन्ह आणि मग उच्चार असं शिकवलं, की पोर चिन्हाचं चित्र पाठ करतं आणि नव्या शब्दात अडकतं. काही ठिकाणी तर लिपीच मदत करत नाही. "जग" वाचलं की दुनिया समजायची की "जगत राहा"? उच्चार दोन, लिहिणं एक. असं अडखळणारं पोर कच्चं नसतं. पुढच्या शब्दांवरून अर्थ धरायचा असतो एवढंच त्याला कळायचं राहिलंय, आणि ते गोष्टी ऐकल्यानं येतं, सुटे शब्द वाचून येत नाही.

कोडी याच वयात उमलतात. पाच वर्षांचं मूल विचारतं, "लाल असतं, गोल असतं, सांग काय?" आणि उत्तर त्याच्या मनाला येईल ते. आठव्या वर्षी त्याला नारळाच्या कोड्याची गंमत कळते: तीन डोळे आहेत पण शंकर नाही, पाणी आहे पण ढग नाही. शब्द एकीकडे खेचतो आणि अर्थ दुसरीकडे, आणि दोन्हींना धरून ठेवायचं. बांगड्यांच्या टोपलीत जी ताकद लागत होती तीच ही. वाक्प्रचारांचंही असंच. "पोटात कावळे ओरडतायत" ऐकून सहा वर्षांचं पोर खरोखर पोटाला कान लावतं. नऊ-दहाच्या पुढे प्रसंगावरून अर्थ लावतं. म्हणून वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करून घेण्यात फारसं हशील नाही. भुकेच्या वेळी वापरावेत.

आता सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. सिंधुदुर्गात मालवणी बोलणारं पोर पहिलीत येतं ते काही वर्षांची भरघोस भाषा घेऊन. त्याला व्हाळ माहीत असतो, पुस्तकात ओढा असतो. घरात माड, पुस्तकात नारळाचं झाड. खळं आणि अंगण, माका आणि मला, कित्याक आणि कशाला. त्याला विचार करायला सांगायचा आणि त्याच वेळी शब्द बदलायला लावायचे, म्हणजे दोन घागरी एका डोक्यावर. "माका म्हणायचं नाही, मला म्हण" असं वाक्याच्या मधेच तोडलं की विचारही तुटतो. दोनतीनदा असं झालं की पोर बोलणंच थांबवतं, आणि वर्गात ते मंद ठरतं. नुकसान होतं ते इथं, आणि भरून यायला वर्षं लागतात.

उपाय साधा आहे, पण सातत्य मागतो. पोराला सांगायचंय ते आधी घरच्या बोलीत पुरतं सांगू द्यावं, मधे न तोडता. बाईंनी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहावं. शेजारी दुसरा रकाना करून तीच वाक्यं पुस्तकी मराठीत मुलांकडूनच करून घ्यावीत. कुठल्या रकान्याला चूक म्हणायचं नाही. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे विलक्षण जमतं, कारण ऐकणारा बदलला की बोलणं बदलायचं हे त्यांना तोवर कळलेलं असतं: आजीशी मालवणी, बाईंशी पुस्तकी, मुंबईच्या भावंडांशी तिसरंच काहीतरी. शब्दाची व्याख्या करण्यातली वाढही बोलीतच आधी दिसते. सहाव्या वर्षी व्हाळ म्हणजे "जंय म्हशी बसतत". दहाव्या वर्षी व्हाळ म्हणजे नदीपेक्षा बारीक, पावसात भरून वाहणारं पाणी. उपयोगावरून जातीकडे आणि गुणांकडे गेलेली ही उडी मराठीच्या पेपरात दिसणारच नाही, कारण तिथं व्हाळ कुणी विचारत नाही.

गणपतीत घर भरतं तेव्हा आणखी एक वाढ उघडी पडते. सहा वर्षांच्या पोराला विचारा, तुला भाऊ आहे? आहे, दादा. दादाला भाऊ आहे? नाही. आपण स्वतः कुणाचे तरी भाऊ आहोत, हे बाहेरून बघणं त्याला अजून जमत नाही. पियाजेनंही हा प्रश्न मुलांना विचारला होता. मराठी नात्यांत तर दोन्ही टोकांना निराळी नावं: ती माझी आत्या, मग मी तिचा कोण? भाचा. काका मला पुतण्या म्हणतो आणि मामा भाचा, पण मी एकच. चुलत, आते, मामे, मावस भावंडं ओटीवर जमलेली असताना जमिनीवर शिंपले मांडावेत, एक शिंपला एक माणूस, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या शिंपल्याच्या जागेवरून नातं विचारावं. आठ-नऊची मुलं चुकत चुकत पोचतात, दहा-अकराची आजोबांच्या भावापर्यंत जातात. दुसऱ्याच्या मनात शिरणंही याच सुमाराला खोल होतं. दुसऱ्याला एखादी गोष्ट ठाऊक नसते, हे चार-पाचलाच कळतं. सहा ते आठच्या दरम्यान पुढची घडी उलगडते: "ताईला वाटतंय की आईला माहीत नाही, पण आईला माहीत आहे." इथूनच गुपितं टिकू लागतात, आणि मावशीनं आणलेला शर्ट आवडला नाही तरी "छान आहे" म्हणायची समजही येते. त्याला खोटारडेपणा म्हणू नये.

याच वयात मूल स्वतःला शेजारच्याशी तोलू लागतं. पहिलीत प्रत्येकाला आपण वर्गात सगळ्यात हुशार वाटतो. तिसरी-चौथीत नेमकं कोण पुढं आणि कोण मागं हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं या वर्षांचा पेच १९५० साली मांडला तो असा: काम करून दाखवण्याची उमेद, किंवा आपण कमी आहोत ही रुतून बसलेली भावना. म्हणून या वयाला खरं काम हवं, ज्याचा परिणाम ताटात दिसेल असं. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, येतात. ते फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, गराचा रस मीठ घालून ठेवायचा, साली त्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, सुकल्या की परत बुडवायच्या, असं चार-पाच वेळा. सात वर्षांच्या पोराला बिया वेगळ्या करायला द्याव्यात. नऊच्याला बुडवलेल्या वेळांची नोंद ठेवायला, आणि अकराच्याला ढग बघून साली आत घ्यायचा निर्णय. हा निर्णय खरोखर त्याचा असू द्यावा, एखादं सूप भिजलं तरी.

शाबासकी कशी द्यायची तेही सांभाळावं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांपैकी काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं आणि काहींना "तू मेहनत घेतलीस". मग अवघड कोडी दिली. हुशार म्हटलेली मुलं लवकर नाउमेद झाली आणि निवड दिली तेव्हा सोप्याकडे वळली. "हुशार हो माझो झील" हे मुलाबद्दलचं प्रेमाचं बोलणं तोडायची गरज नाही. त्याच्या जोडीला "सालीला गर राहिला नाही, नीट पुसलीस" असं नेमकं काहीतरी असावं.

काही गोष्टी मात्र थांबून बघण्याच्या नाहीत. तिसरी संपत आली तरी साधे, जोडाक्षर नसलेले शब्द जमत नसतील, तर वाचन-अडचणीची तपासणी करून घ्यावी. "होईल हळूहळू" म्हणत पाचवी येऊ देऊ नये. पावसाळ्यात सर्दी सतत असते आणि पोर हाकेला ओ देत नाही असं झालं, तर कानाच्या पडद्यामागं पाणी साठलेलं असू शकतं. कान दाखवावा, ओरडू नये. फळा बघताना डोळे बारीक करत असेल तर डोळे तपासावेत. या वयाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, आणि कमी झोपलेलं पोर पुष्कळदा सुस्त न दिसता चिडखोर आणि चंचल दिसतं. ज्याला एकही मित्र नाही त्याच्याकडे मार्कांच्या आधी लक्ष द्यावं.

आणि भरतीचं गणित प्रत्येक पोराच्या हाती द्यावं. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, तीच भरतीची वेळ. दिनदर्शिकेत तिथी बघायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पाणी तीनच्या सुमाराला पूर्ण चढेल, दुपारी आणि पहाटेही. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एक. कुणातरी मोठ्यासोबत किनाऱ्यावर जावं, पाणी जिथवर आलं तिथं काठी रोवावी आणि घड्याळ बघून वहीत लिहावं. सात वर्षांचं पोर काठी रोवतं. नऊ वर्षांचं पाऊणपट करतं, पाऊणकी त्याला पहिल्यांदा कामाची वाटते. अकरा वर्षांचं पंधरा दिवसांची वही पुढ्यात घेऊन कुरकुरतं, "एकादशीला अर्धा तास चुकलं. आणि खाडीत तर त्याहून उशीर झाला." इथं त्याला सगळं सांगावं. चंद्र दर तिथीला सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो, पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे खरा उशीर ४८ मिनिटांचा. तोंडी हिशोबाला सोपं म्हणून ४५ धरले. तिथीमागं तीन मिनिटं सुटतात, अकरा तिथींत तेहेतीस. तिथी कुठल्या प्रहरी लागली त्यानंही थोडं मागंपुढं होतं. आणि खाडीच्या तोंडाशी चढलेलं पाणी आतपर्यंत पोचायला वेळ लागतोच.

मग बाराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर एखाद्या संध्याकाळी ते पोर वही मिटून विचारतं, "समजा चंद्रच नसता तर?" नसलेल्या गोष्टीवर उभा राहिलेला त्याचा हा पहिला मोठा प्रश्न असतो, आणि त्याला खरं उत्तर द्यावं. भरती तेव्हाही आली असती, सूर्यामुळे. आत्ताच्या निम्म्याहूनही बुटकी. उधाण नसतं, भांग नसता, आणि पाणी रोज त्याच ठरलेल्या वेळी चढलं असतं.